किल्लारीच्या खाली, देगलूरच्या वर

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला दगडाचा रंग विचारायची गरज नसते. दगड काळाच असतो. वेरूळचं कैलास काळ्यातलं, देवगिरीचा तासलेला कडा काळा, औशाच्या किल्ल्याची तटबंदी काळी, गावोगावच्या बारवा काळ्या. घरातलं जातं काळं, पाटा-वरवंटा काळा, शेतातून वेचून बांधावर रचलेले धोंडेही काळेच. तो दगड झिजून झालेली माती काळी, आणि तिच्यावरच आमच्या सगळ्यांची पोटं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर पसरत गेला आणि थंड होऊन त्याचा बेसॉल्ट झाला, एवढं शाळेतल्या भूगोलातही असतं. त्यामुळे खाली किती का खोल जा, काळाच लागणार असा आपला एक समज होऊन बसतो.

मी लातूरकडची. पदवीला भूशास्त्र घेतलं, पुढे नोकरी बँकेत लागली, आणि लग्न होऊन आले देगलूरला. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंतीवर जो नकाशा होता, त्यात जवळपास सगळा मराठवाडा हिरव्या रंगात होता. हिरवा म्हणजे बेसॉल्ट. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र, नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या अंगाला, गुलाबी रंग आत घुसलेला. देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेडचा काही भाग. नांदेडहून नरसीमार्गे देगलूरला येताना खिडकीतून बाहेर बघत बसलं की तो गुलाबी रंग कुठे सुरू होतो ते आपोआप कळतं. सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या मागे पडतात. माळावर गोल गरगरीत धोंडे दिसायला लागतात, एकावर एक कुणी ठेवल्यासारखे. माती तांबूस होते, पायाखाली रेती करकरते. तेलंगणाची हद्द पुढे असते, पण दगडाची हद्द आधीच ओलांडलेली असते.

हा गुलाबी कोपरा ग्रॅनाइटचा आणि नाईसचा. ग्रॅनाइट सगळ्यांना ठाऊक आहे, निदान स्वयंपाकघराच्या ओट्यामुळे. नाईस फारसा कुणाला ठाऊक नाही. मराठी पुस्तकांत त्याला पट्टिताश्म म्हणतात, आम्ही बोलताना नाईसच म्हणायचो. ग्रॅनाइटचीच खनिजं, पण विखुरलेली नाहीत, पट्ट्यांत लागलेली. एक पट्टा फिकट, एक काळपट, पुन्हा फिकट, पुन्हा काळपट. कुठे बोटभर रुंद, कुठे केसाएवढा.

तो मी नीट हातात घेऊन पाहिला तो चुलत सासऱ्यांच्या विहिरीवर. शेत मुखेडच्या शिवेकडचं. वरचा मुरूम सोडला की विहिरीत दगडच. बाहेर काढलेल्या दगडांचा ढीग काठावर पडला होता आणि आदल्या रात्रीच्या पावसानं धुऊन लख्ख झाला होता. ओला दगड नेहमी जास्त बोलतो. कोरडा असताना सगळा करडा दिसणारा धोंडा पाणी पडलं की पट्टे दाखवतो. मी एक टवका उचलून डोळ्याजवळ धरला.

फिकट पट्ट्यात दोन गोष्टी होत्या. एक काचेसारखी, करडी, तेलकट चमक असलेली, धड आकार नसलेली: ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. दुसरी दुधी आणि गुलाबी, फुटते तिथे सपाट आरशासारखी पृष्ठं दाखवणारी: तो फेल्डस्पार. दगड हातात फिरवला की त्या सपाट बाजू एकदम उजेड मारतात आणि विझतात. गुलाबी बहुधा पोटॅशचा फेल्डस्पार, पांढरा सोडियम-कॅल्शियमचा. काळ्या पट्ट्यात कृष्णाभ्रक, म्हणजे बायोटाइट, आणि मधूनमधून हॉर्नब्लेंडच्या बारीक काड्या. बायोटाइट ओळखायला भिंग लागत नाही. नखानं खरवडलं की त्याचे पापुद्रे निघतात आणि बोटाला चमकी लागते. खिशातल्या चाकूनं गारगोटीवर रेघ ओढायला गेलं तर उलट चाकूच्याच पात्याची धूळ दगडावर उमटते. एक ते दहाच्या मापात गारगोटीची कठिणता सात, फेल्डस्पारची सहा, साध्या चाकूची साडेपाचच्या आसपास. अभ्रक तीनही नाही. इतका मऊ आणि इतका कठीण ऐवज एकाच टवक्यात शेजारी शेजारी, आणि तरी दगड फुटता फुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्या टवक्यात होती. एका जाड फिकट पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळी किनार होती, बाकीच्या काळ्या पट्ट्यांपेक्षा गडद. तिच्याकडे पुन्हा येते.

सासरे जवळ येऊन उभे राहिले. "काय बघायलीस गं एवढं? सोनं निघालं का काय?"

"पट्टे बघायले, काका."

"ते तर पहिल्या दिवसापासून हायतच. किती वर्साचे थर असतील?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वकील असलेल्या माझ्या दिरांनी विचारला, बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला. पट्टे दिसले की माणूस ते खालून वर मोजायला लागतो. जुना खाली, नवा वर. नदीच्या गाळाला ते लागू आहे, बेसॉल्टच्या थरांनाही लागू आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरच्या डोंगरात दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो तिथे तर मोजायलाच हवं, कारण तो पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. नाईसला मात्र हे गणित चालत नाही. त्याचे पट्टे कुणी एकावर एक अंथरलेले नाहीत. खालचा पट्टा वरच्याहून जुना नसतो. पट्ट्यावरून कळते ती दाबाची दिशा, कोणत्या बाजूनं जोर लागला ती.

हे कसं घडतं ते सांगायचं तर जरा खोल उतरावं लागतं, अगदी शब्दशः. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसनं उष्णता वाढते. वीस किलोमीटर खाली तापमान पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जातं आणि डोक्यावरच्या दगडाचा भार हवेच्या दाबाच्या पाच हजार पटींहून जास्त होतो. तिथे दगड वितळत नाही, पण घट्टही राहत नाही. लाखो वर्षांच्या हिशेबात तो सरकतो, वाकतो, ताणला जातो. त्यातच दोन भूखंडं एकमेकांवर रेटली जात असतील तर दाब सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. एका दिशेनं जास्त असतो. अशा वेळी अभ्रकासारखं पापुद्र्याचं खनिज त्या जोराला काटकोनात, आडवं होऊन वाढतं. काड्यांचं हॉर्नब्लेंडही तोच कल धरतं. सगळी खनिजं घनरूपातच पुन्हा नव्यानं स्फटिक होतात, आणि होताना एका अंगाला लागतात.

पण नुसतं एका अंगाला लागणं म्हणजे पट्टे नव्हेत. तेवढंच झालं तर तो शिस्ट, चमचमणारा, पापुद्र्यांनी सुटणारा दगड. चिखलापासून सुरुवात केली तर आधी शेल, मग पाटीचा दगड, मग फिलाइट, मग शिस्ट, आणि उष्णता-दाब आणखी वाढत गेला की नाईस. या वाटेत कुठपर्यंत मजल गेली ते खनिजं सांगतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जॉर्ज बॅरो या भूशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये हे दाखवून दिलं: एकीकडून दुसरीकडे चालत गेलं की आधी बायोटाइट येतो, मग गार्नेट, मग स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. मूळचा चिखल एकच, पण जितका भाजला गेला तितकं नवं खनिज. आजही रूपांतरित, म्हणजे उष्णता-दाबानं बदललेल्या, दगडांच्या प्रदेशात नकाशा काढताना हाच क्रम हाताशी धरतात.

पट्टे पडायला निदान तीन गोष्टी कारण होतात, आणि एकाच दगडात तिन्ही सापडू शकतात. पहिली, खनिजांची हळूहळू फाटाफूट. दाब जिथे जास्त तिथून गारगोटी आणि फेल्डस्पारचे अणू विरघळून दाब कमी असलेल्या ठिकाणी जाऊन बसतात. मागे अभ्रक उरतो. दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. ग्रॅनाइटच्या प्रचंड गोळ्यात आधीपासूनच काही काळपट तुकडे अडकलेले असतात, काही फिकट शिरा असतात, त्या वाटेल त्या दिशेला गेलेल्या. हा गोळा काही कोटी वर्षं चेपला आणि ताणला गेला की ते तुकडे लांब होत होत पट्टे बनतात. कणीक मळताना बेसनाची गुठळी आत राहिली आणि तशीच पोळी लाटली तर पोळीत पिवळा ओघळ निघतो, तो कुणी मुद्दाम घातलेला नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे अर्धवट वितळणं. साडेसहाशे-सातशे अंशांवर थोडं पाणी असेल तर गारगोटी आणि फेल्डस्पार सगळ्यांत आधी पाघळतात. तो फिकट रस दगडातल्या दगडात पट्ट्यासारखा साचतो आणि जे वितळलं नाही ते काळं खनिज त्याच्या काठाला गोळा होतं. माझ्या टवक्यातली गडद किनार ती हीच. अशा अर्ध्या वितळलेल्या दगडाला मिग्मटाइट म्हणतात. त्याचे पट्टे सरळ राहत नाहीत, नागमोडी होतात, घड्या पडतात, कुठे कुठे फेल्डस्पारचा मोठा दाणा मध्येच अडून बसतो आणि पट्टे त्याला दोन्हीकडून वळसा घालून जातात, तेव्हा दगडाला डोळे असल्यासारखे दिसतात.

काकांना मी यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वडाऱ्यांच्या मुकादमाला हाक मारली, "अरे, सूनबाई काय म्हणायलीय बघ." मुकादम पन्नाशीचा, हातात सुतकी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ते आमाला म्हाईत हाय की, बाई. पट्ट्याच्या अंगानं पाचर मारली की दगड ऐकतो. आडवं मारलं की टाकीला तोंड राहत न्हाई." मग त्यानं ढिगातला एक धोंडा वळवून ठेवला, पट्टे जमिनीला काटकोनात येतील असे, टाकीनं रेषेत चार भोकं घेतली, पाचरी बसवल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आळीपाळीनं ठोकत गेला. पहिल्या फेरीला काहीच झालं नाही. दुसऱ्या फेरीला ठोक्याचा आवाज बदलला, जरा भरीव झाला. तिसऱ्या फेरीला धोंडा पट्ट्याच्या ओळीनं उघडला. आतली बाजू सगळी अभ्रकानं चमकत होती. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा जोर कुठल्या बाजूनं आला होता हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं, कारण त्याची मजुरी त्याच्यावर ठरते.

अडीचशे कोटी हा आकडा सहज लिहिला, तर त्याचा आधार सांगते. नाईसमध्ये झिरकॉन नावाच्या खनिजाचे अगदी बारीक दाणे असतात. त्यात युरेनियम अडकलेलं असतं आणि ठरलेल्या गतीनं त्याचं शिसं होत जातं. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं यावरून वय निघतं. दक्षिण भारताच्या या जुन्या भूखंडाला धारवाड क्रेटन म्हणतात आणि आमचा कोपरा त्याच्या पूर्व भागाचं उत्तरेकडचं टोक. तिथल्या ग्रॅनाइट-नाईसची वयं अडीचशे ते तीनशे कोटींच्या घरात येतात. बंगळूरच्या लालबागेत जो उघडा खडक आहे, ज्यावर लोक संध्याकाळी गप्पा मारत बसतात, तो याच घराण्यातला, साधारण तीनशे कोटींचा. त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. कॅनडातला अकास्टा नाईस तर चारशे कोटी वर्षांचा, माणसाला सापडलेल्या सर्वांत जुन्या दगडांपैकी एक. आमच्या देगलूरच्या दगडाला स्मारकाचा दर्जा नाही, त्याची खडी होते.

आता वीस किलोमीटर खाली तयार झालेला दगड वर कसा आला? वरचं सगळं झिजून गेलं म्हणून. उन्हानं, पावसानं, नद्यांनी, कोट्यवधी वर्षं. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जेव्हा लाव्हा आला तेव्हा तो कोऱ्या जमिनीवर आला नाही. तेव्हाच्या मराठवाड्यावर असेच तांबूस माळ होते, असेच गोल धोंडे, रेताड ओढे. त्यावर लाव्हा पसरला आणि ते सगळं झाकून गेलं. देगलूरला ते आज उघडं दिसतं. बाकीचा मराठवाडा त्यावर पांघरूण घेऊन आहे.

हा अंदाज नाही. खाली खोदून पाहिलेलं आहे, आणि ते कशासाठी खोदलं गेलं ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. सुमारे ६.२ रिश्टरचा धक्का आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची: मातीत रचलेल्या गोल काळ्या दगडांच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचं छत. उन्हाळ्यात त्याहून थंड घर नाही. त्या रात्री त्या भिंती आतल्या अंगाला ढासळल्या आणि छत वरून आलं. आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं कुणी माळवदाखाली निजलं नाही. आजी पाऊस असला तरी खाट पत्र्याच्या पडवीत टाकायला लावायची.

त्या भूकंपानं शास्त्रज्ञांनाही हलवलं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, तिथे मोठा भूकंप होत नाही, असं मानलं जात होतं. मग किल्लारीला खोल भोक घेतलं गेलं, ६१७ मीटरचं. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला. मग आठेक मीटर गाळ, म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीच्या जमिनीवरची माती आणि रेती. आणि मग तळापर्यंत जुना रूपांतरित दगड. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या नमुन्यांचा बारकाईनं अभ्यास केला. उच्च तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली, कवचाच्या बऱ्याच आतल्या भागात तयार झालेला तो दगड होता.

मी पहिल्यांदा ३३८ मीटर हा आकडा वाचला तेव्हा विश्वास बसेना. लातूरला बोअर घेताना लोक हल्ली सातशे-आठशे फुटांपर्यंत जातात. म्हणजे कोरडी बोअर अजून थोडी रेटली तर खालच्या जुन्या जमिनीला लागेल अशी परिस्थिती. आपण ज्याला काळा मराठवाडा म्हणतो तो पुरता अर्धा किलोमीटरही जाड नाही, निदान किल्लारीपाशी. भूकंपाचं केंद्र काही किलोमीटर खोल होतं. तिथे बेसॉल्ट नाहीच. माणसं काळ्या दगडाखाली गेली, पण हलला तो खालचा दगड.

आणि तो हलला तो पुन्हा दाबामुळेच. भारताचं भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर या गतीनं उत्तरेला सरकतं आहे आणि हिमालयापाशी अडतं आहे. त्या अडण्याचा ताण मागे, थेट आपल्यापर्यंत येतो. जुन्या दगडात जिथे आधीची भेग, आधीचं वैगुण्य असेल तिथे तो ताण साठतो आणि कधीतरी एक बाजू दुसरीवर चढते. किल्लारीत असंच झालं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. त्या सकाळी बँकेत येणारा प्रत्येक माणूस पन्नाशीच्या पुढचा असला की किल्लारीवर बोलत होता आणि तिशीच्या आतला असला की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ दाखवत होता.

हा सगळा इतिहास डोक्यात घेऊन मी जाऊबाईंसोबत नांदेडला ओट्याचा दगड आणायला गेले. त्या दुकानात जे काही चकचकीत होतं ते सगळं ग्रॅनाइट. दगडाच्या धंद्यात हा एक गमतीचा सैलपणा आहे: पॉलिश धरणारा आणि संगमरवर नसलेला प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइट. काळ्यात सोनेरी ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चीमकुर्तीचा, तो ग्रॅनाइटच नाही, गॅब्रो नावाच्या गडद दगडाच्या जातीचा. आणि जांभळट-राखाडी लाटालाटांचा जो पॅराडायझो जाऊबाईंच्या मनात भरला तो सरळसरळ मिग्मटाइट. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे नॅचरल डिझाइन आहे, लाटांचं. दोन स्लॅब जोडून लावले की फूल उमलतं." आणि खरंच, एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेले दोन स्लॅब त्यानं वहीच्या पानांसारखे उघडून दाखवले तर पट्टे एकमेकांत मिळत होते.

मी त्याला विचारलं, ठोकळा दुसऱ्या बाजूनं कापला तर? त्यानं कोपऱ्यातला एक स्लॅब ओढून काढला. त्यात पट्टे नव्हतेच. नुसते ढगाळ डाग, गुलाबी आणि काळपट. "हाच माल आहे. कट वेगळा. कुणी घेत नाही, स्वस्तात देतो." पट्ट्याला काटकोनात कापलं की रेघा दिसतात, पट्ट्याच्या अंगानं कापलं की एकाच पट्ट्याचं पसरलेलं पृष्ठ दिसतं. दगड एक, भाव दोन. मला तो डागांचाच हवा होता. अभ्रकाच्या ओळीनं कापलेला स्लॅब ओट्याला तितका टिकत नाही हे लक्षात घेऊन मी गप्प बसले, आणि जाऊबाईंनी लाटा घेतल्या. लिंबू पिळलं तरी डाग पडत नाही, संगमरवरासारखा तो आम्लानं फसफसत नाही, एवढी हमी मी दिली.

नाईसच्या मुलुखात राहायचं तर पाण्याचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. बेसॉल्टमध्ये थरांच्या मधल्या पोकळ्या, जाळीदार भाग, सांधे यांत पाणी साठतं. नाईसला पोकळ्या नाहीत. पाणी फक्त वरच्या कुजलेल्या मुरुमात आणि खालच्या भेगांत. मुरूम दहा हात असेल तर विहिरीला दहा हातांचं पाणी, पुढे भेग लागली तर नशीब. शेजारच्या तेलंगणात काकतीयांच्या काळापासून गावोगाव तळी बांधली गेली ती हौस म्हणून नाहीत. जमीन पाणी धरत नाही तर ते वरच अडवायचं. त्यातच या दगडातल्या काही खनिजांत फ्लोराईड असतं, ते पाण्यात उतरतं. तेलंगणातल्या नलगोंड्यात त्यानं लोकांची हाडं वाकवली. आमच्या बाजूला बोअरचं पाणी पिण्याआधी एकदा तपासून घ्यावं असं मी ज्याला त्याला सांगत असते, आणि ज्याला त्याला ते कटकटीचं वाटतं.

दगड कुजतो तोही क्रमानं. आधी बायोटाइट गंजतो, त्यातलं लोखंड सुटून माती तांबडी होते. मग फेल्डस्पारची चिकणमाती होते आणि वाहून जाते. गारगोटीला काही होत नाही. ती सुटी होते, ओढ्यात येते, मांजरेच्या पात्रात जाऊन बसते. बिलोली-देगलूरच्या मांजरेची वाळू लांबलांबून मागवली जाते ती याच गारगोटीमुळे. बेसॉल्टच्या नद्यांना अशी वाळू होत नाही, कारण बेसॉल्टमध्ये गारगोटी फारशी नसते, तो सरळ चिकणमाती होतो. लातूरचं घर बांधायला मांजरेची वाळू लागते म्हणजे भिंतीत देगलूरचा नाईस असतो, वेगळ्या रूपात. रात्री हायवेवर ताडपत्री टाकून जाणाऱ्या हायवा टिपरांमध्ये काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही.

कुणाला हे पट्टे प्रत्यक्ष बघायचे असतील तर उन्हाळ्यात येऊ नका. दगड तापलेला असतो, धुळीनं माखलेला असतो, काही दिसत नाही. पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की या, आणि सकाळी तिरपं ऊन असताना बघा, म्हणजे फेल्डस्पारच्या सपाट बाजू चमकतात. नव्या विहिरीचा ढीग सगळ्यात उत्तम, कारण तो ताजा फुटलेला असतो. रस्त्याच्या कटिंगमध्येही छान दिसतो. सोबत चाकू ठेवा, पाण्याची बाटली ठेवा, दगडावर शिंपडायला. खडी क्रशरच्या खाणीत तर तीन-चार माणूस उंचीची पट्टेदार भिंत मिळते, घड्या पडलेली, मध्येच गुलाबी शिरांनी तोडलेली. पण तिथे जाण्याआधी मालकाला विचारा. दगडाकडे निरखून बघणारा आणि फोटो काढणारा माणूस त्याला एकाच खात्याचा वाटतो, आणि मग तुम्ही कितीही अभ्रक दाखवा, तो आधी चहा मागवतो आणि मग तुमच्या तहसीलदारसाहेबांची ओळख विचारतो.